पोटाच्या हर्नियासाठी वापरली जाणारी जाळी : पदार्थ, विणकाम आणि निवड

या पाठातून काय शिकायचे

हा पाठ वाचून झाल्यावर तुम्हाला पुढील गोष्टी जमायला हव्यात : पोटाच्या भिंतीवर येणारा ताण ढोबळमानाने काढणे, जाळीचे वजन, धाग्याची जाडी आणि छिद्रांचा आकार यांचा शरीराच्या प्रतिक्रियेशी संबंध सांगणे, आणि दिलेल्या परिस्थितीत कोणत्या प्रकारची जाळी का योग्य, हे कारणांसह मांडणे. बलविज्ञान आणि पदार्थविज्ञानाचा पहिल्या वर्षाचा अभ्यास पुरेसा आहे. वैद्यकाची माहिती लागेल तिथे देत जाईन.

१. प्रस्तावना

आमच्या कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये एक मामा आहेत. लोखंडाचे गज उचलून यंत्रांपर्यंत नेणे, हे त्यांचे वर्षानुवर्षांचे काम. त्यांना जांघेत हर्निया झाला. बरेच दिवस पट्टा बांधून त्यांनी काम रेटले. शेवटी डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितले आणि एका कागदावर दोन जाळ्यांची नावे व दोन किमती लिहून दिल्या. तो कागद घेऊन मामा माझ्याकडे आले आणि म्हणाले, "सर, तुम्ही मटेरियल शिकवता. यातली मजबूत कोणती, तेवढं सांगा."

मला त्यांना एका वाक्यात उत्तर देता आले नाही. प्रश्नातच एक गृहीतक होते : जितकी मजबूत तितकी चांगली. दरवर्षी हाच प्रश्न मी वर्गात विचारतो आणि बहुतेक हात सर्वांत मजबूत जाळीसाठी वर होतात. यात तुमची चूक नाही. कित्येक वर्षे जाळ्या बनवणारेही असाच विचार करत होते. तो विचार कुठे अपुरा पडला, हे समजून घेणे म्हणजेच हा पाठ.

२. हर्निया म्हणजे काय

पोटाची भिंत म्हणजे स्नायू आणि त्यांना बांधून ठेवणारे चिवट पापुद्रे यांचा थर. या पापुद्र्याला फॅशिया म्हणतात. या थरात एखाद्या जागी कमकुवतपणा आला किंवा भोक पडले, की आतल्या दाबाने चरबीचा किंवा आतड्याचा भाग त्यातून बाहेर डोकावतो. यालाच हर्निया म्हणतात. मराठीत अंतर्गळ हा जुना शब्द आहे. जांघेतला, बेंबीजवळचा आणि आधीच्या ऑपरेशनच्या टाक्यांच्या जागी होणारा, हे नेहमी आढळणारे तीन प्रकार. बाहेर आलेले आतडे भोकात अडकून त्याचा रक्तपुरवठा तुटला, तर जिवावर बेतू शकते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इटलीतील एदुआर्दो बास्सिनी यांनी जांघेच्या हर्नियासाठी भोकाच्या कडा थरांनुसार शिवण्याची पद्धत रूढ केली. त्या काळासाठी ती मोठी झेप होती. पण तिची एक मूलभूत अडचण होती. ज्या कडा एकमेकींपासून दूर गेल्या आहेत, त्यांनाच ओढून जवळ आणायचे आणि शिवायचे. म्हणजे टाके घातल्या क्षणापासून शिवण ताणाखाली राहते. घट्ट झालेल्या सदऱ्याच्या गुंड्या ओढून लावल्या, की कापड गुंडीपाशीच फाटते. तसाच प्रत्येक टाका आपल्या जागी ऊतीला कापत जातो.

यावर उपाय म्हणजे कडा ओढायच्या नाहीत, भोकावर जाळीचे ठिगळ लावायचे. अमेरिकेतील अर्व्हिंग लिख्टेनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी १९८९ साली अशा ताणरहित पद्धतीने केलेल्या १००० शस्त्रक्रियांचा अनुभव प्रसिद्ध केला आणि जांघेच्या हर्नियासाठी जाळी सर्वत्र रुळली. जुन्या ऑपरेशनच्या जागी होणाऱ्या हर्नियाबद्दल नेदरलँड्समध्ये तुलनात्मक चाचणी झाली. २००४ साली तिचे दीर्घकालीन निष्कर्ष आले. दहा वर्षांत नुसते टाके घातलेल्यांपैकी ६३ टक्के रुग्णांत हर्निया परत झाला. जाळी लावलेल्यांत हे प्रमाण ३२ टक्के होते. या आकड्यांवरून दोन गोष्टी शिकायच्या. जाळीने धोका निम्मा होतो. आणि जाळी लावूनही तिघांपैकी जवळजवळ एकाला हर्निया परत होतो. म्हणजे अभियंत्याचे काम संपलेले नाही.

३. किती ताण सहन करायचा आहे?

कोणत्याही रचनेची सुरुवात भारापासून होते. इथे भार म्हणजे पोटातला दाब. शांत उभे असताना तो पाऱ्याच्या सुमारे २० मिलिमीटर इतका असतो. जोराने खोकल्यावर तो १०० च्या वर जातो आणि उड्या मारताना त्याहूनही जास्त होतो. गणितासाठी आपण १५० मिलिमीटर, म्हणजे २० किलोपास्कल धरू.

पोट हा पातळ भिंतीचा गोल आहे असे माना. गोल मधोमध कापला, तर दाबामुळे अर्धगोलावर येणारे बल हे दाब गुणिले वर्तुळाचे क्षेत्रफळ. हे बल वर्तुळाच्या परिघावरील भिंत पेलते. दोन्ही बाजू समान मांडल्या की :

ताण = (दाब × त्रिज्या) ÷ २

उदाहरण १. पोटाचा व्यास ३२ सेंटीमीटर, दाब २० किलोपास्कल. त्रिज्या ०.१६ मीटर.

ताण = (२०,००० × ०.१६) ÷ २ = १६०० न्यूटन प्रति मीटर = १६ न्यूटन प्रति सेंटीमीटर

म्हणजे एक सेंटीमीटर रुंदीच्या पट्टीने सुमारे १.६ किलो वजन पेलले की पुरे. गोलाऐवजी नळकांडे धरले तर परिघाच्या दिशेचा ताण दुप्पट, म्हणजे ३२ न्यूटन प्रति सेंटीमीटर येतो. जर्मनीतील आखेन येथील उवे क्लिंगे आणि सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात जाळ्यांकडे याच दृष्टीने पाहिले आणि १६ हा आकडा या क्षेत्रात मापदंड म्हणून रुळला. त्या वेळच्या जड जाळ्या याच्या कित्येक पट ताण सहन करत होत्या. सुरक्षा गुणांक मोठा असणे वाईट का, असे तुम्ही विचाराल. पुलाच्या बाबतीत वाईट नाही, फक्त खर्चिक आहे. शरीरात मात्र जास्तीच्या प्रत्येक ग्रॅमची किंमत ऊती मोजते. ती कशी, ते पाचव्या भागात पाहू.

ताकदीइतकेच महत्त्व लवचीकतेला आहे. १६ न्यूटन प्रति सेंटीमीटर ताणाखाली पोटाची भिंत किती लांबते, हे याच गटाने मानवी ऊतींवर मोजले. दिशेनुसार आणि स्त्री-पुरुषांनुसार ते साधारण १५ ते ३२ टक्के भरले. आडव्या दिशेपेक्षा उभ्या दिशेने भिंत जास्त लांबते. जाळी यापेक्षा खूप ताठ असेल, तर वाकताना भिंत लांबू पाहते आणि जाळी तिला अडवते. अशा वेळी ताण जाळीच्या कडांवर एकवटतो आणि रुग्णाला पोटात पुठ्ठा बसवल्यासारखे वाटते. दोन पदार्थ जोडताना त्यांच्या ताठपणात मोठा फरक असू नये, हा नियम तुम्ही जोडकामात शिकला आहात. तोच इथे लागू आहे.

४. पदार्थांचा प्रवास

धातू. १९०० च्या सुमारास जर्मनीत चांदीच्या तारेच्या जाळ्या वापरल्या गेल्या. १९४० च्या दशकात टँटलमची जाळी आली. टँटलम गंजत नाही आणि शरीर त्याला फारसे झिडकारत नाही. पण पोटाची भिंत प्रत्येक श्वासासोबत हलते. तार हातात धरून पुन्हा पुन्हा वाकवली की ती तुटते. टँटलमच्या जाळीचे तेच झाले. तिचे तुकडे पडले, टोके ऊतीत रुतली आणि हर्नियाही परत झाले. शरीराशी जुळणारा पदार्थ थकव्याने हरला.

पॉलिइथिलीन आणि पॉलिप्रोपिलीन. अमेरिकेत ह्यूस्टन येथील शल्यविशारद फ्रान्सिस अशर यांनी १९५८ च्या सुमारास घन पॉलिइथिलीनच्या धाग्याची जाळी वापरली. हा पदार्थ तेव्हा नुकताच बाजारात आला होता. पुढे १९६० च्या दशकात ते विणलेल्या पॉलिप्रोपिलीनकडे वळले. पॉलिप्रोपिलीन सुमारे १६५ अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे ते वाफेच्या निर्जंतुकीकरणात टिकते. आजही सर्वांत जास्त जाळ्या याच पदार्थाच्या असतात. धागा एकसंध, पाणी न शोषणारा आणि स्वस्त. त्याच्या साखळीत मात्र एक कच्चा दुवा आहे. मिथिल गट जिथे जोडलेला असतो त्या कार्बनवरचा हायड्रोजन सहज निघतो आणि तिथून ऑक्सिडीकरण सुरू होते. म्हणून त्यात स्थिरक मिसळावे लागतात. गॅमा किरणांनीही ही साखळी तुटून धागा ठिसूळ होऊ शकतो. त्यामुळे कारखान्यात बहुधा इथिलीन ऑक्साइड वायूने निर्जंतुकीकरण करतात.

पॉलिएस्टर. कापडातले टेरिलीन तेच हे. फ्रान्समधील शल्यविशारदांनी याचा भरपूर वापर केला. ते मऊ असते आणि पोटाच्या वळणांवर चांगले बसते. पण त्यातील एस्टर बंध पाण्याने हळूहळू तुटतात, म्हणून अनेक वर्षांनी ताकद कमी होऊ शकते. शिवाय ते बहुधा अनेक बारीक तंतूंच्या पिळाचे असते. याचा परिणाम पुढे येईल.

फ्लोरिनयुक्त बहुवारिके. विस्तारित पॉलिटेट्राफ्लुओरोइथिलीन हे १९६९ साली बॉब गोर यांना सापडले. नेहमीचे टेफ्लॉन झटक्याने ताणल्यावर त्यात सूक्ष्म छिद्रे तयार होतात. ऊती त्याला फारशी चिकटत नाही. आतड्याकडच्या बाजूला हा गुण ठरतो आणि भिंतीकडच्या बाजूला दोष. पॉलिव्हिनिलिडीन फ्लोराइड हा दुसरा पर्याय. त्याचे धागे काळानुसार कमी झिजतात.

विरघळणारे आणि जैविक पदार्थ. पॉलिग्लॅक्टिनची ताकद काही आठवड्यांतच जाते, म्हणून एकट्याच्या बळावर ते कायमचा आधार देत नाही. जिवाणूंकडून किण्वनाने मिळणारे पॉलि-४-हायड्रॉक्सीब्युटिरेट विरघळायला वर्षाहून अधिक काळ घेते. डुकराची त्वचा किंवा लहान आतड्याचा थर, गायीच्या हृदयाचे आवरण, दान केलेली मानवी त्वचा यांतील पेशी काढून टाकून उरलेला कोलॅजनचा सांगाडाही वापरतात. तो महाग असतो.

५. शरीर जाळीला काय करते

जाळी ठेवल्यावर काही क्षणांतच तिच्यावर प्रथिनांचा थर बसतो. मग मॅक्रोफेज नावाच्या पेशी येतात. त्या परक्या वस्तूला गिळू पाहतात. धागा गिळण्याजोगा नसतो, म्हणून त्या त्याच्याभोवती वेढा घालतात. त्यानंतर फायब्रोब्लास्ट पेशी येऊन कोलॅजनचे आवरण विणतात. हा वेढा प्रत्येक धाग्याभोवती पडतो आणि जाळी असेपर्यंत राहतो.

इथे काँक्रीटची आठवण ठेवा. सळ्या आणि काँक्रीट मिळून जसा भार घेतात, तशी जाळी आणि तिच्यातून वाढलेली ऊती मिळून भिंत बनवतात. ऑपरेशननंतर काही महिन्यांनी भार घेते ती नुसती जाळी नव्हे, हा संयुक्त पदार्थ. त्यामुळे छिद्रांतून चांगली ऊती वाढणे हेच जाळीचे खरे काम आहे.

आता गणित पाहू. प्रतिक्रिया धाग्याच्या पृष्ठभागावर होते, म्हणून पृष्ठफळ काढायला हवे. जाळीचे प्रति चौरस मीटर वजन, धाग्याची घनता आणि व्यास माहीत असेल तर :

प्रति चौरस मीटर जाळीतील धाग्यांचे पृष्ठफळ = (४ × वजन) ÷ (घनता × व्यास)

हे सूत्र वृत्तचितीच्या वक्रपृष्ठाला तिच्या वस्तुमानाने भागून मिळते. स्वतः करून पाहा.

उदाहरण २. पॉलिप्रोपिलीनची घनता ९०५ किलोग्रॅम प्रति घनमीटर घ्या. प्रत्येक जाळी १५ × १५ सेंटीमीटर, म्हणजे ०.०२२५ चौरस मीटर.

अ) जड जाळी : वजन ९० ग्रॅम प्रति चौरस मीटर, धागा ०.१५ मिलिमीटर. पृष्ठफळ २.६५ चौरस मीटर प्रति चौरस मीटर. तुकड्यात सुमारे ६०० चौरस सेंटीमीटर. पदार्थ २ ग्रॅम.

आ) हलकी जाळी : वजन ४० ग्रॅम, धागा ०.१० मिलिमीटर. पृष्ठफळ १.७७. तुकड्यात सुमारे ४०० चौरस सेंटीमीटर, पदार्थ ०.९ ग्रॅम.

इ) वजन ९० ग्रॅमच, पण प्रत्येक धागा ०.०१५ मिलिमीटरच्या तंतूंचा पीळ. पृष्ठफळ २६.५, म्हणजे पहिल्याच्या दहापट.

पाहा, (आ) मध्ये वजन निम्म्याहून कमी झाले, पण पृष्ठफळ एकतृतीयांशानेच घटले, कारण धागाही बारीक झाला. आणि (इ) मध्ये एक ग्रॅमही न वाढवता पृष्ठफळ दहापट झाले. जाळीच्या वेष्टनावर फक्त "हलकी" लिहिले असेल, तर तुमचा पुढचा प्रश्न "धागा कसा आहे?" हा असला पाहिजे.

६. छिद्रे : दोन मोजपट्ट्या

छिद्रांबाबत दोन वेगवेगळ्या मोजपट्ट्या आहेत. विद्यार्थी त्यांची गल्लत करतात.

पहिली मोजपट्टी मायक्रोमीटरची, म्हणजे संसर्गाची. जिवाणू साधारण १ मायक्रोमीटरचे असतात. त्यांना मारणाऱ्या पेशी १० मायक्रोमीटर किंवा अधिक. १० मायक्रोमीटरपेक्षा लहान फटीत जिवाणू शिरतो, पण त्याचा पाठलाग करणारी पेशी बाहेरच राहते. चोर गल्लीत घुसला आणि पोलिसांची गाडी गल्लीत मावत नाही, तशी गत. पिळाच्या तंतूंमधल्या फटी नेमक्या अशाच असतात. म्हणून संसर्गाची भीती असेल तिथे एकसंध धागा बरा. परविझ अमीद यांनी १९९७ साली केलेल्या वर्गीकरणात ७५ मायक्रोमीटरपेक्षा मोठी छिद्रे असलेल्या जाळ्या पहिल्या प्रकारात येतात, कारण त्यांतून पेशी आणि रक्तवाहिन्या आत जाऊ शकतात.

दुसरी मोजपट्टी मिलिमीटरची, म्हणजे व्रणाची. प्रत्येक धाग्याभोवती कोलॅजनची नळी तयार होते. शेजारच्या दोन धाग्यांच्या नळ्या एकमेकींना भिडल्या, तर मधले छिद्र व्रणाने भरून जाते आणि सगळी जाळी एका ताठ पाटीत बदलते.

उदाहरण ३. प्रत्येक धाग्याभोवती व्रणाची जाडी ०.३ मिलिमीटर धरा. छिद्र ०.५ मिलिमीटरचे असेल तर दोन्ही बाजूंचे मिळून ०.६ होतात, छिद्र बुजते. छिद्र २ मिलिमीटरचे असेल तर १.४ मिलिमीटर जागा उरते आणि तिथे मऊ, रक्तवाहिन्यांसह ऊती वाढते.

म्हणूनच पॉलिप्रोपिलीनसाठी छिद्र १ मिलिमीटरपेक्षा मोठे असावे असा संकेत रुळला. यात एक मेख आहे. टेबलावर चौकोनी दिसणारे छिद्र एका दिशेने ताणल्यावर चपटे होऊन मिटू शकते. तेव्हा मोजायचे ते ताणलेल्या अवस्थेतले छिद्र.

७. विणकाम

सुरुवातीच्या काही जाळ्या मागावर उभ्या-आडव्या धाग्यांनी विणलेल्या होत्या. अशा कापडाची कड कापली की धागे सुटतात. आजच्या बहुतेक जाळ्या वॉर्प निटिंगने, म्हणजे उभ्या धाग्यांच्या फासांना शेजारच्या फासांत अडकवून बनवतात. शल्यविशारदाने कात्रीने हवा तसा आकार कापला तरी कड उसवत नाही. फास सरळ होत जातात, त्यामुळे सुरुवातीला जाळी सहज लांबते आणि मग ताठ होते. ऊतीचा ताण-लांबीचा आलेखही असाच वळतो. फासांच्या रचनेमुळे दोन दिशांना ताठपणा वेगळा असतो. म्हणून जास्त लांबणारी दिशा भिंतीच्या जास्त लांबणाऱ्या दिशेशी जुळवून ठेवणे योग्य. चांगल्या जाळीवर दिशा दाखवणाऱ्या रंगीत रेघा असतात, त्या शोभेच्या नाहीत.

८. जागा आणि आच्छादन

टायर आतून फाटला, की आपल्याकडे आतल्या बाजूने जुन्या टायरचा तुकडा टाकतात. हवेचा दाबच त्या तुकड्याला जागेवर दाबून धरतो. तोच तुकडा बाहेरून चिकटवला, तर दाब त्याला उचकटतो. जाळीचेही तसेच आहे. स्नायूंच्या मागे, पोटाच्या आतल्या आवरणाच्या बाहेर ठेवलेली जाळी दाबानेच धरली जाते. स्नायूंच्या वर, त्वचेखाली ठेवलेली जाळी टाक्यांवर अवलंबून राहते. भोकात बरोबर बसवलेली आणि कडांनाच शिवलेली जाळी सर्वांत कमकुवत, कारण तिला आच्छादनच नाही.

आच्छादन किती? जाळीभोवतीचा व्रण आकसतो आणि जाळीला चुण्या पाडत लहान करतो. धागा स्वतः आखडत नाही, हे लक्षात ठेवा.

उदाहरण ४. भोक ४ सेंटीमीटर. चहूबाजूंनी ५ सेंटीमीटर आच्छादन ठेवले, तर जाळी १४ सेंटीमीटरची. लांबीत २० टक्के आकसली, तर ११.२ सेंटीमीटर उरते, आच्छादन ३.६. क्षेत्रफळ मात्र ३६ टक्क्यांनी घटले. आता २ सेंटीमीटर आच्छादनापासून सुरुवात करा : ८ ची ६.४ होते आणि आच्छादन १.२ च उरते. जरा सरकली की भोक उघडे.

जाळी पोटाच्या आत, आतड्यांच्या समोर ठेवायची वेळ आली तर उघडे पॉलिप्रोपिलीन चालत नाही. आतडे त्याला चिकटते. पुढे आतड्याला भोकही पडू शकते. इथे दोन बाजूंना दोन स्वभाव असलेली जाळी लागते : भिंतीकडे खरखरीत, ऊती धरणारी; आतड्याकडे विस्तारित पॉलिटेट्राफ्लुओरोइथिलीन, कोलॅजन किंवा विरघळणाऱ्या पदार्थाचा थर.

९. दोन धडे

"हलकी ती चांगली" हेही अंधपणे धरू नका. फिजिओमेश ही हलक्या पॉलिप्रोपिलीनची, दोन्ही बाजूंना विरघळणारे पापुद्रे असलेली जाळी २०१६ साली तिच्या उत्पादकाने बाजारातून मागे घेतली. जर्मनी आणि डेन्मार्कच्या राष्ट्रीय नोंदवह्यांत तिच्यानंतर हर्निया परत होण्याचे प्रमाण इतर जाळ्यांपेक्षा जास्त दिसले होते. प्रयोगशाळेत सुटे सुटे गुण चांगले दिसणे आणि माणसात एकत्रित रचना टिकणे, या वेगळ्या गोष्टी आहेत. वर्षानुवर्षे नोंदी ठेवल्या म्हणूनच हा फरक कळला.

दुसरा धडा जागेचा. याच पॉलिप्रोपिलीनच्या जाळ्या स्त्रियांच्या ओटीपोटातील अवयव खाली सरकण्यावर योनिमार्गातून बसवल्या जात. तिथे वेदना आणि जाळी बाहेर येणे अशा तक्रारी वाढल्या. २०१९ साली अमेरिकेच्या औषध नियामकाने त्या वापरासाठीच्या जाळ्यांची विक्री थांबवायला लावली. पदार्थ तोच, जागा, ऊती आणि भार वेगळे. एखाद्या पदार्थावर "शरीराला चालणारा" असा शिक्का कायमचा बसत नाही. कुठे, कशासाठी आणि किती काळ, हे सांगितल्याशिवाय त्या शब्दांना अर्थ नाही.

१०. मच्छरदाणी

आता किमतीकडे येऊ. जाळी महाग असेल, तर गरीब रुग्ण ऑपरेशन पुढे ढकलतो किंवा टाक्यांवर भागवतो. महाराष्ट्रात धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा येथील शल्यविशारद डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी या अडचणीकडे पाहून मच्छरदाणीचे कापड निर्जंतुक करून वापरले. देशातील इतर शल्यविशारदांसह केलेल्या प्राथमिक अभ्यासाचे निष्कर्ष त्यांनी २००३ साली प्रसिद्ध केले. युगांडात ३०२ पुरुषांवर काटेकोर तुलनात्मक चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१६ साली आले. एका वर्षानंतर मच्छरदाणीच्या गटात ०.७ टक्के, म्हणजे एकाच रुग्णात हर्निया परत झाला; महागड्या जाळीच्या गटात एकाही नाही. हा फरक संख्याशास्त्रीय दृष्ट्या नगण्य होता. किमतीत मात्र सुमारे एक डॉलर विरुद्ध सव्वाशे डॉलर इतके अंतर होते.

तुम्हाला आता यात आश्चर्य वाटू नये. १६ न्यूटन प्रति सेंटीमीटर, एकसंध धागा, मिलिमीटरची छिद्रे, हलके वजन : मच्छरदाणी या अटींच्या जवळ आपोआपच जाते. पण यावरून बाजारातली कोणतीही मच्छरदाणी चालेल असा अर्थ काढू नका. कीटकनाशक लावलेली जाळी वर्ज्य. धाग्याची घटना माहीत हवी. पॉलिइथिलीन १२० अंशांच्या आसपास वितळू लागते, त्यामुळे रुग्णालयातील १३४ अंशांचे चक्र तिला विकृत करू शकते. तापमान काटेकोर राखावे लागते. ती चाचणी जांघेच्या हर्नियाची होती, आतड्याला लागून ठेवायच्या जाळीची नव्हे. आणि भारतात वैद्यकीय उपकरणांना २०१७ चे नियम लागू आहेत. ते धोक्यानुसार उपकरणांचे चार वर्ग करतात. कापड स्वस्त असते. खर्च येतो तो प्रत्येक तुकडा सारखाच आहे याची हमी देण्याचा. ही हमी स्वस्तात कशी द्यायची, हा अभियंत्यांसाठी खुला प्रश्न आहे, आणि तो आपल्या देशाचा प्रश्न आहे.

११. निवडीचे प्रश्न

जाळी निवडताना हे प्रश्न याच क्रमाने विचारा.

१. हर्निया कुठे आहे आणि भोक किती मोठे आहे? भोकाच्या कडा जवळ येतात की जाळीला एकटीने पूल बांधायचा आहे?
२. जाळी कोणत्या थरात बसेल? आतड्याला लागेल का?
३. जागा स्वच्छ आहे की संसर्गाची शक्यता आहे?
४. धागा एकसंध की पिळाचा? ताणाखाली छिद्र किती उरते?
५. कोणत्या दिशेने जाळी जास्त लांबते?
६. किती वर्षांच्या नोंदी उपलब्ध आहेत?
७. किंमत किती, आणि त्या जास्तीच्या किमतीत नेमका कोणता गुण मिळतो?

ताकद या यादीत वेगळी लिहिलेली नाही, कारण उदाहरण १ मधली अट पुरी करणाऱ्या जाळ्या भरपूर आहेत. निर्णय त्यानंतर सुरू होतो. तो निर्णय रुग्णाला तपासणाऱ्या शल्यविशारदाचा आहे. हा पाठ पदार्थ समजण्यासाठी आहे, उपचारासाठी नाही.

मामांच्या कागदावरच्या दोन्ही जाळ्या पॉलिप्रोपिलीनच्याच निघाल्या. एक साधी सपाट होती. दुसरी आतड्याकडच्या बाजूला थर असलेली, म्हणून महाग. मी त्यांना एवढेच सांगितले, "डॉक्टरांना विचारा, जाळी आतड्याला लागणार आहे का?" त्यांची जाळी स्नायूंच्या थरात बसणार होती, आतड्याला लागणारच नव्हती. साधी जाळी पुरली. काही महिन्यांनी मामा पुन्हा वर्कशॉपमध्ये आले. आता गज उचलायला आम्ही एक ढकलगाडी केली आहे. ती तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी बनवली.

स्वाध्याय

१. पोटाचा व्यास ४० सेंटीमीटर आणि दाब २० किलोपास्कल असताना गोलाच्या सूत्राने ताण काढा. (उत्तर : २० न्यूटन प्रति सेंटीमीटर) स्थूल रुग्णांत हर्निया परत होण्याचा धोका जास्त का असेल, हे यावरून दोन वाक्यांत लिहा.
२. ५० ग्रॅम प्रति चौरस मीटर वजनाची पॉलिप्रोपिलीनची जाळी ०.१२ मिलिमीटर धाग्याची आहे. प्रति चौरस मीटर पृष्ठफळ काढा. (उत्तर : सुमारे १.८४ चौरस मीटर)
३. पोटाची भिंत हा गोल मानताना आपण कोणती गृहीतके केली? त्यातले कोणते सर्वांत कच्चे आहे?
४. टँटलमच्या अपयशातून आणि फिजिओमेशच्या माघारीतून मिळणारे धडे वेगळे आहेत. कसे?
५. तुमच्या प्रयोगशाळेतील ताणयंत्रावर मच्छरदाणीच्या १ सेंटीमीटर रुंद पट्ट्या उभ्या आणि आडव्या दिशेने तपासा. १६ न्यूटनला लांबी किती टक्के वाढते ते नोंदवा आणि तिसऱ्या भागातील आकड्यांशी ताडून पाहा.